पेटीवरचा पदर

प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात, हे मायने मला सांगितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मी विचारलं, "सगळे? पाळकसाहेब बी?" माय म्हणाली, "हाव बाई, सगळे. प्रार्थनेत सगळे तुह्यासारखेच."

झालं. तेव्हापासून चिखलीच्या आमच्या लहानशा देवळात मी दर रविवारी प्रार्थनेचीच वाट पाहू लागले. देऊळ म्हणजे चर्च. आमची माणसं देऊळच म्हणत. उपदेशात मला झोप यायची, पण प्रार्थना जितकी लांबेल तितकी बरी. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी मागत, पावसासाठी मागत, नव्यानेच झालेल्या महाराष्ट्राच्या मंत्र्यांसाठी मागत, आणि मी मनात म्हणायची, मागा बाप्पा, आणखी मागा. तेवढा वेळ त्या सतरंजीवर एकटी मीच आंधळी नव्हते.

माझे डोळे पाचव्या वर्षी देवीत गेले. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरात देवी मानायची नाही. पण देवीनेच आम्हाला मानलं, त्याला कोण काय करणार! बाप त्याआधीच वारला होता. माय मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि घरात आम्ही दोघीच. चुलीपाशी मला जाऊ द्यायची नाही, विहिरीपाशी तर नाहीच. कोणी आलं की म्हणे, "तू तिकडं खाटीवर बस." दळण निवडायला द्यायची, पण मी निवडून दिलेली ज्वारी मागच्या दारी जाऊन पुन्हा निवडायची. तिला वाटायचं मला कळत नाही. सुपाचा आवाज कुठे लपतो का?

पेटीवर मला बसवलं ते म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी. उपासना संपल्यावर मी पेटीशी चाळा करत बसायची, ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारपासून तूच वाजव." तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यांचा एक पाय अधू होता, हातात काठी असायची. दोन ठोके म्हणजे वाजव, एक ठोका म्हणजे थांब. ते गीताचा आकडा पुकारायचे आणि मला आकड्यावरून चाल पाठ होती: ही ओवीची, ही साकीची, ही विलायती. पेटीतला मधला एक सूर दमेकऱ्यासारखा घरघरायचा. त्याला चुकवून कसं जायचं ते मला एकटीलाच ठाऊक होतं. गीत संपलं की बायका म्हणायच्या, "रडवलंस वं पोरी." खाटीवर बसवून ठेवलेल्या पोरीला ते ऐकायला काय वाटत असेल, विचार करा. आठवड्यातला तो दीड तास मी कोणाच्या तरी कामाची होते.

सात वर्षं अशी गेली. मग म्हातारे पाळकसाहेब निवृत्त होऊन लेकाकडे गेले आणि नवे आले. तरुण, शिकलेले, गळा गोड. पण माणूस चपला बाहेर काढून मांजरासारखा फिरायचा. कुठे उभा आहे तेच मला कळेना. आणि त्यांची रीत अशी, की पाळकाने हात वर केला की पेटी सुरू, हात खाली की बंद. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "साहेब, काठी नसंन तं खोकला तरी." ते हसले, "हो हो, नक्की" म्हणाले. एका रविवारी खोकले. दुसऱ्या रविवारी विसरले. वाईट नव्हता तो माणूस. जन्मभर हात दाखवून काम झालेलं, त्याला खोकल्याची आठवण कुठून राहील?

मग मी अंदाजाने वाजवू लागले. कधी उशीर व्हायचा, कधी घाई. लोक सांभाळून घ्यायचे. पण प्रभुभोजनाच्या रविवारी सांभाळून घेण्यापलीकडचं झालं.

प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षरसाचा पेला फिरतो तेव्हा आमच्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. शेवटच्या माणसाने पेला ओठाला लावला की मग पेटी, तीही हळू. मी ऐकत होते. बायकांची बाजू झाली, पुरुषांची झाली असं वाटलं. बराच वेळ काही हालचाल नाही. मला वाटलं, हात वर झाला असेल आणि सगळे माझ्यासाठी थांबले असतील. मी भाता ओढला आणि विलायती चाल लावली, चांगली मोठ्याने. पेला तेव्हा देवळाच्या एका म्हाताऱ्या पंचांच्या हातात होता. ते दचकले आणि रस पांढऱ्या कापडावर सांडला. कोणीतरी दातांतल्या दातांत म्हणालं, "थांब वं पोरी!" मी थांबले. पण सुटलेला सूर काही माघारी घेता येत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "माय, मले पेटीवरून उठवतीन का वं?"

"कायले उठवतीन? उगाच कायबी."

"खरं सांग."

"सांगतलं ना."

दोन आठवडे मी तेच उगाळत राहिले. पेटी गेली तर मग काय, पुन्हा खाट. मरेपर्यंत खाट. मी घरी पाटावर बोटं फिरवून सगळ्या चाली पुन्हा घोकल्या, जणू चूक चालीची होती.

तिसऱ्या रविवारी मी नेहमीसारखी पेटीपुढे बसले. माय डाव्या हाताला. माझा पदर नेहमी पेटीच्या फळीवर पडायचा, तसाच पडला होता. पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू. मी हात जोडून डोकं पार गुडघ्यांपर्यंत वाकवलं. प्रार्थना लांबली. मी खूश झाले, वेडी! मध्येच कोणीतरी माझा पदर अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवला. थोडी सळसळ झाली. मला वाटलं, उशिरा आलेली कोणी बाई जागा करून घेते आहे. एका बाईचं लेकरू रडत होतं. पाळकसाहेब मागत राहिले. आमेन झालं, गीताचा आकडा पुकारला. मी डोकं वर केलं, हात पुढे केले आणि माझी बोटं सतरंजीवर पडली.

मी आणखी पुढे चाचपलं. सतरंजीच. तेवढ्यात पेटी वाजली, पलीकडच्या कोपऱ्यातून. माझीच पेटी. तो घरघरणारा सूर मी कुठेही ओळखला असता. पाळकसाहेबांची बायको वाजवत होती. आणि खोटं कशाला बोलू, बाई छान वाजवायची. घरघरणारा सूर तिने दुसऱ्या कडव्याला चुकवला. मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

सगळे उभे राहिले. मायने मला दंडाला धरून उठवलं. मी गायले नाही. रडलेही नाही, कारण आता बघणारे सगळे डोळे उघडे होते.

घरी आल्यावर मायने चहा ठेवला.

मी म्हटलं, "माहा पदर कोनं उचलला?"

"आंधी चहा घे."

"कोनं उचलला, माय?"

स्टोव्ह भणभणत होता. तिने तो बंद केला. "म्याच," ती म्हणाली. "दुसरं कोनी उचलता तं तू हात धरती, वरडती. पेटी उचलतानी फाटता बी पदर. पंचायनं सांगतलं, प्रार्थनेतच उचलू, पोरीले जास्त लागनार नाई."

"म्हंजे तुहे डोळे उघडे व्हते."

तिने कप माझ्यापुढे सरकवला.

"माय, तू म्हने सगळे डोळे मिटतात."

तेव्हा ती चिडली. माझ्यावर की स्वतःवर, देव जाणे. "तू आंधळी झाल्यापासून म्या एक बी प्रार्थना डोळे मिटून केली नाई! लहानपनी उठून चालत सुटायची तू, मेनबत्तीत हात घालायची. आंधळ्या पोरीच्या मायनं डोळे मिटून कसं जमन?"

ही माया आहे हे मला कळत होतं. लोक म्हणतील, केवढी ती माय. पण मला त्या घडीला जीव नकोसा झाला. पेटीचं दुःख तर होतंच, पण मी म्हणते ती सगळी वर्षं, वाकलेलं डोकं, "मागा बाप्पा, आणखी मागा," तेव्हाही मी एकटीच होते आणि कोणीतरी माझ्या राखणीला बसलं होतं. चहा गार झाला. मी जाऊन खाटीवर बसले. या खेपेला मी तिच्या सांगण्याची वाट पाहिली नाही.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. देवळात मी अजून जाते, भिंतीला टेकून बसते. प्रार्थना सुरू झाली की मी डोळे मिटत नाही, मुद्दाम टक्क उघडे ठेवते. आजवर कोणी टोकलं नाही.