गाठ मैनाची, निर्णय भलत्यांचा

मैना रत्नागिरी आगारात एसटीची कंडक्टर. पालीच्या गाड्यांवर तिला अकरा वर्षं झाली. त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, पण जागची हलतही नव्हती.

शहरातल्या एका सर्जनने मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्ट आल्यावर त्याने तिला बाहेरच बसवलं आणि तिच्या नवऱ्याला, सदूला, आत बोलावलं. सदू बाहेर आला तो नजर चुकवतच. म्हणाला, "साधी गाठ आहे. सोमवारी छोटंसं ऑपरेशन."

सर्जन खरं काय म्हणाला ते तिला शेजारच्या यमुनाबाईंनी सांगितलं. विहिरीवर त्या तिच्या गळ्यातच पडल्या. "कसं गो होणार तुझं! कॅन्सर म्हणे, अख्खी छाती काढणार!"

सदूने मुंबईच्या भावाला कळवलं होतं, भावाने वाडीत फोन केले होते. मैना तशीच घरात आली. सदू दाढी करत होता.

"मला कॅन्सर झालाय?"

"तू घाबरशील म्हणून..."

"घाबरायचं की नाय ते मी ठरवीन! अख्ख्या वाडीला ठाऊक, नि मलाच नाय?"

तिने कपाटातून फाईल ओढून काढली. इंग्रजी रिपोर्टवर बोट ठेवत, अडखळत शेवटपर्यंत वाचला. खाली लिहिलं होतं, सुईने तुकडा काढून तपासावा. तो कुणी काढलाच नव्हता.

ती तडक सर्जनकडे गेली. "सुईची तपासणी का नाय केलीत?"

"फोटोत स्पष्ट दिसतंय, बाई. उगाच वेळ जाईल. मिस्टरांना समजावलंय मी."

"गाठ मिस्टरांना आलेय का?" तिचा आवाज बाहेरपर्यंत गेला. फाईल उचलून ती निघाली, ती तो रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर शमिकांकडे.

शमिकांनी तिला फोटो दाखवला. काळ्यावर पांढरा ठिपका, चहूबाजूंनी काटे फुटलेला. "खोटा धीर देत नाही. असं दिसलं की बहुतेकदा कॅन्सरच निघतो. पण तुकडा तपासल्याशिवाय छाती काढायची नसते."

जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत त्यांनी सुई घातली. निकालाला दहा दिवस लागले. भेटायला येऊन मुळूमुळू रडणाऱ्या नातेवाइकांना मैनाने दारातूनच परत पाठवलं. सदूशी ती बोलली नाही.

निकाल आला. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर.

"मज्जातंतूंच्या आवरणातल्या पेशींपासून होते ही गाठ," शमिका म्हणाल्या. "स्तनात फार क्वचित. दिसते हुबेहूब कॅन्सरसारखी, पण तुमची साधी आहे. आजूबाजूच्या थोड्या भागासकट काढली की झालं."

मैना ढसाढसा रडली. मग सोमवार आठवून तिच्या अंगाची लाहीलाही झाली. त्या सोमवारी गप्प टेबलावर जाऊन पडले असते, तर?

दुसऱ्या डॉक्टरने गाठ तेवढी काढली. पहिल्या सर्जनला निकाल सांगायला सदूने फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "नशीबवान आहात." मैनाने फोन हिसकावला. "नशिबाचं नाव काढू नका. माझ्याशी बोला." पलीकडून फोन बंद झाला.

ती महिन्याभरात कामावर रुजू झाली. सदूने तीनदा माफी मागितली. तिने अजून दिलेली नाही.