हळद की कावीळ

मांजरीचे केस कापायला बसण्याआधी ह्यांनी मला ऐकवलं, "फुलंब्रीला लहानपणापासून मेंढ्या कातरताना बघितलंय मी. मांजर म्हणजे काय मोठं!" उन्हाळ्यात आमच्या लांबकेसी मांजरीच्या कुशीला केसांचा घट्ट गुंता झाला होता. डॉक्टरकडं नेऊ, असं मी म्हणत होते. पण नेमका नळाला पाणी यायचा दिवस. मी मोटर लावायला गेले आणि ह्यांनी शिवणाची कात्री उचलली.

गुंत्यासोबत कातडीच ओढली गेली नि कापली. रक्त फारसं नाही, पण रुपयाएवढी जागा उघडी पडलेली. "कातरलीत ना मेंढी? झालं समाधान?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच डब्यातली मूठभर हळद आणून तिथं दाबली. कापलं की आपला हात आपोआप हळदीकडंच जातो. तिनं ती चाटली, पंजानं तोंडाला, कानांना फासली. पांढरीशुभ्र मांजर, पार नवरीसारखी पिवळी!

सिडकोतल्या डॉक्टरबाई ह्यांना काही बोलल्या नाहीत, मलाच बोलल्या. "जखमेत हळद कशाला भरली?" त्यांनी सलाइननं जखम धुतली, टाके घातले, चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर बांधली. निघताना म्हणाल्या, "खाण्याकडं लक्ष ठेवा. मांजर उपाशी राहिलं की त्याला कावीळ होऊ शकते. कान, हिरड्या पिवळ्या दिसल्या तर लगेच घेऊन या."

घरी आल्यापासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. वाटीपर्यंत जायची, मान खाली घालायची नि मागं फिरायची. चिकनचं पाणी झालं, मासळी झाली. "खा गं बाई, खा!" माझ्या नुसत्या येरझाऱ्या, स्वयंपाकघर ते गॅलरी. लेक बेंगळुरूला जाताना तिला आमच्या हवाली करून गेलेली. लेकीचा फोन वाजला की मी तो ह्यांच्याच हातात द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान जास्तच पिवळे वाटले. हळद का कावीळ? ओल्या कापसानं पुसलं, तरी पिवळंच. हळद कुठं लगेच निघते! खिडकीशी नेऊन बघितलं, पुन्हा बघितलं.

"अहो, काल एवढं पिवळं होतं का?"

"मला काय माहीत?"

"कात्री धरताना बरं सगळं माहीत होतं!"

ते नवा कापूस भिजवून घेऊन आले. सकाळपासून त्यांनी चहाही घेतला नव्हता, आणि त्याचाही मला रागच येत होता.

शेवटी म्हटलं, हिरड्या बघू, तोंडातली हळद एव्हाना गेली असेल. कॉलरमुळं तोंड धरता येईना, म्हणून ती काढली. ह्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी ओठ वर केला. गुलाबी! अगदी स्वच्छ गुलाबी! तेवढ्यात ती माझ्या बोटाला कचकन चावली, निसटली, थेट वाटीशी गेली आणि बकाबका खायला लागली.

कॉलरची कड वाटीच्या काठाला अडत होती. बस, एवढंच. कालपासून ती भुकेली वाटीपाशी जात होती, आणि आम्ही दोन शहाणी माणसं तिच्या कानांचा रंग बघत बसलो होतो.

तिनं टाके चाटू नयेत म्हणून ह्यांनी त्यांवर तळहात धरला नि तसेच फरशीवर बसून राहिले. मी बोट दाबून धरून हुंदके देत होते.

"लई लागलं का?" ह्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, "लई."