नमुना तपासणीस अयोग्य

प्रयोगशाळेच्या अहवालात निदानाच्या रकान्यात एकच ओळ होती : नमुना तपासणीस अयोग्य.

पनवेलच्या सर्जननी तो कागद टेबलावरून माझ्यापुढे सरकवला. माझ्या मानेतून काढलेली गाठ आठ दिवसांपूर्वी मुंबईला गेली होती. टाके अजून ओढत होते. गाठ निघाली होती, पण ती कशाची होती हे कोणालाच सांगता येत नव्हते.

"कॅन्सर आहे का?" मी विचारले.

"असू शकतो. नसूही शकतो," ते म्हणाले. "दुसरी गाठ काढावी लागेल."

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी एकोणतीस वर्षांची होते आणि मुंबईच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. बातमीत 'असे समजते' आले की बातमीदाराला परत पाठवायचे, ही आमच्या टेबलाची शिस्त होती. स्वतःच्या मानेबाबत 'असे समजते'वर थांबण्याची माझी तयारी नव्हती.

ज्यांच्या हातात असा अर्धवट कागद पडेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गाठ गणपतीनंतर लक्षात आली. डावीकडे, गळपट्टीच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी. दुखत नव्हती. म्हणूनच मी तिच्याकडे महिनाभर दुर्लक्ष केले. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मग संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. पहाटे उशी घामाने भिजलेली असे. ब्लाउज सैल झाले. गावातल्या डॉक्टरांनी टीबी ठरवला. आपल्याकडे मानेतल्या गाठी बहुधा टीबीच्याच असतात, त्यामुळे त्यांचा अंदाज वेडगळ नव्हता. पण तो अंदाजच होता. चार महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी झाली, पित्त वाढले, गाठ तशीच राहिली. उलट तिच्या शेजारी दुसरी उगवली.

तेव्हा सर्जनकडे गेले. त्यांनी बायॉप्सी सुचवली. बायॉप्सी म्हणजे संशयित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. जागा बधिर करून त्यांनी पहिली गाठ काढली, नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, म्हणजे फॉर्मलिनच्या, बाटलीत टाकली आणि बाटली माझ्या वडिलांच्या हातात दिली. पनवेलमध्ये तेव्हा अशा तपासणीची सोय नव्हती. नातेवाइकाने एसटीने बाटली मुंबईला न्यायची, हीच पद्धत होती.

वडिलांचे आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेले होते. आई वारल्यानंतर त्यांची विधवा बहीण, म्हणजे आमची आत्या, घर सांभाळत होती. घरात पहिली पदवीधर मी. कागदपत्रांचे सगळे मी पाहायचे आणि नेण्या-आणण्याचे वडिलांनी, अशी आमची वाटणी होती.

अहवाल घेऊन घरी आले तेव्हा वडील ओटीवर बसले होते. मी ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "पोरी, चुकी माझी हाय."

शनिवारी ते पोचले तेव्हा प्रयोगशाळा बंद झाली होती. बाटली घेऊन परत आले. येताना एसटीत बूच सैल झाले आणि फॉर्मलिन पिशवीत सांडले.

"असला वास, का डोल्यांना पानी आला. मना वाटला, औषध नासला. मंग उरलेला वतून टाकला आणि मिठाच्या आगरातला पानी भरला. चांगला घट्ट. मासा वरीसभर टिकतो मिठान, यो तुकडा दोन दिस नाय टिकनार?"

सोमवारी त्यांनी ती बाटली नीट पोचती केली होती. वर फडके बांधून.

मी रागावले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. मी त्यांना म्हणाले, "बाबा, ती माझी मान होती, बोंबील नव्हता." हे वाक्य मी नंतर अनेकदा परत घेतले. त्या दिवशी घेतले नाही.

मिठाने काय केले ते सर्जननी समजावले. घट्ट खाऱ्या पाण्याने पेशींमधले पाणी ओढून घेतले आणि त्या आक्रसल्या. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. त्याच्या आकारावरून आजार ओळखतात. तो आकारच मोडला होता. मीठ मासा टिकवते ते खाण्यापुरते. फॉर्मलिन पेशी आहे तशी गोठवते.

आता दुसरी गाठ काढणे भाग होते. सर्जननी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे शस्त्रक्रिया आणि तपासणी एकाच इमारतीत होणार होती.

आत्या आडवी आली. "एकदा कापला, काय कलला? काय नाय. आता परत कापाचा? सुरी लागली का तो पसरतो. गावान कोनालाबी इचार."

"आत्या, दुसरी गाठ कवा आली?"

"दिवालीला."

"आणि सुरी कवा लागली?"

तिने हिशेब केला असावा, कारण पुढचे बोलणे तिने माझ्याशी केले नाही, भावाशी केले. "तू सही नको करूस. तुझी पोर हाय. माझ्या गल्याची आन."

वडिलांनी शब्द दिला. एकदा चूक झालेला माणूस दुसऱ्यांदा निर्णय घ्यायला घाबरतो. मला ते कळत होते. पण गाठीला नाव मिळाल्याशिवाय उपचार सुरू होणार नव्हता, आणि माझे वजन दर आठवड्याला उतरत होते.

रुग्णालयात वडील माझ्याबरोबर आले. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. संमतिपत्राच्या खिडकीपाशी आल्यावर मात्र ते बाकावर जाऊन बसले.

"पेशंटचे मिस्टर?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"नाहीत."

"मग वडिलांची सही आणा."

"वडील सही करणार नाहीत. मी करते."

"अहो, नातेवाइकाची लागते."

"नियम कुठे लिहिला आहे तो दाखवा. मान माझी आहे, मी सज्ञान आहे, आणि मला लिहिता येतं."

त्या आत गेल्या. एक तरुण डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "करू द्या त्यांना सही." मी पूर्ण नाव लिहिले. रांगेतली एक बाई मागून म्हणाली, "बरं केलंस गं." ती कोण होती मला माहीत नाही.

गाठ निघाली. सहा दिवसांनी पॅथॉलॉजिस्टकडे बोलावले. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे पेशी पाहून आजार ओळखणारे डॉक्टर. रुग्णाशी यांची सहसा भेट होत नाही. मी आग्रह धरला म्हणून झाली. त्या पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या बाई होत्या.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "पण कॅन्सर हे आडनाव झालं. उपचार करायला मला आजाराचं नाव लागतं."

मग त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवले. शरीरातल्या पेशी गरजेप्रमाणे विभागतात, जुन्या होतात, मरतात. कधी एखाद्या पेशीच्या आतल्या सूचना बिघडतात. ती थांबायचे सोडून देते आणि तिच्यापासून झालेल्या प्रत्येक पेशीत तोच बिघाड उतरतो. साधी गाठ आपल्या जागी वाढते. कॅन्सरच्या पेशी शेजारी घुसतात, रक्तातून किंवा लसिकेतून, म्हणजे ग्रंथींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवातून, दूर जाऊन तिथेही वाढतात.

बिघाड कोणत्या पेशीत सुरू झाला त्यावरून जात ठरते. त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींत झाला तर कार्सिनोमा. तोंडाचा, स्तनाचा, फुफ्फुसाचा बहुतेक कॅन्सर हा. हाड किंवा स्नायूंत झाला तर सार्कोमा. रक्त तयार करणाऱ्या पेशींत झाला तर ल्युकेमिया. मान, काख, जांघ इथे ज्या लसिकाग्रंथी असतात त्यांतल्या पांढऱ्या पेशींत झाला तर लिम्फोमा. त्यातही दोन प्रकार : हॉजकिन्स आणि बाकीचे सगळे. माझा हॉजकिन्स होता.

"औषधाला चांगलं ऐकणारा आहे हा," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याचं औषध याला देऊन चालत नाही. टीबीचं तर नाहीच."

"मला बघायचाय," मी म्हणाले.

त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची सोडली. गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी होती. तिला दोन केंद्रके होती आणि प्रत्येकात एक गडद ठिपका. इतके महिने मला ताप आणणारी वस्तू एवढीशी होती आणि काचेच्या दोन पट्ट्यांत दाबलेली होती. मला भीती वाटली नाही. मला तिचा राग आला, आणि त्या रागाने बरे वाटले.

वडील दारात उभे होते. बाईंनी त्यांनाही बोलावले. "या बाबा. एक डोळा मिटा."

ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"घुबड बसला हाय," ते म्हणाले. "दोन डोले. आपल्याकडंच बगतंय."

बाई हसल्या. "आम्हीसुद्धा त्याला घुबडाचे डोळेच म्हणतो."

"मंग मारा त्याला."

पुढे स्टेजिंग झाले. आजार शरीरात किती पसरला आहे ते मोजणे म्हणजे स्टेजिंग. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, कमरेच्या हाडातून जाड सुईने काढलेला मगज. या शेवटच्या तपासणीत दुखते. दुखत नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण टाळूही नका. निकाल आला : स्टेज टू बी. दोन ठिकाणच्या ग्रंथी, मानेतल्या आणि छातीतल्या, दोन्ही छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर, म्हणून दोन. ताप, घाम आणि वजनातली घट होती, म्हणून बी.

ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, केमोथेरपी सांगितली. चार औषधे, दर पंधरा दिवसांनी, बारा वेळा. त्यानंतर मानेला आणि छातीला किरणांचे उपचार. "त्रास होईल," ते म्हणाले. "पण अर्ध्यात सोडू नका. अर्धवट मारलेला आजार परत येतो."

केमोच्या संमतिपत्रावर पुन्हा नातेवाइकाचा रकाना होता. मी तो रिकामा सोडून फॉर्म देणार होते. वडिलांनी हात पुढे केला. "पेन दे."

"आत्याला शब्द दिलाय ना?"

"तो कापाचा व्हता. औषधाचा नाय."

त्यांना सही करायला वेळ लागतो. मी घाई केली नाही.

केमोथेरपी म्हणजे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधे. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या, आतड्याच्या पेशीही विभागतात. त्यामुळे केस जातात, तोंड येते, उलट्या होतात. चारांतले एक औषध लाल होते. दुसऱ्या दिवशी लघवीही लाल. एक औषध उजेडाने खराब होते, म्हणून त्याच्या बाटलीला काळा कागद गुंडाळत. तेच शिरेत सर्वांत जास्त जळजळायचे. त्याच्यानंतर आठ-दहा तास उलट्या.

तिसऱ्या वेळेपर्यंत मानेत नव्याने आलेल्या बारीक गाठी हाताला लागेनाशा झाल्या. ताप गेला. पाचव्या वेळी पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की आठवडाभर उपचार थांबवावा लागला. सातव्या वेळी मी डॉक्टरांना सांगितले की आता पुरे. ते शांतपणे म्हणाले, "घरी जा, रडून घ्या, मंगळवारी या." मंगळवारी गेले.

आत्याने तोवर अबोला सोडला होता. उलटी झाली की ती बालदी उचलायची आणि पुटपुटायची, "मेला, कवा जानार यो." ती कोणाला शिव्या देत होती ते मी विचारले नाही. ती भाकरी मऊ करून, ताकात कुस्करून द्यायची. तोंड आलेले असताना तेवढेच जायचे.

केस गेल्यावर मी डोक्याला रुमाल बांधला नाही. दोन उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत कामावर जात होते. पहिल्या दिवशी टेबलावरचे सगळे मान वर करून पाहू लागले. मग मुख्य उपसंपादक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, छाटायची सवय आहे हे माहीत होतं. पण मथळाच काढून टाकलात?" मी हसले. त्यांनी माझ्यापुढे बातम्यांचा गठ्ठा टाकला, नेहमीपेक्षा कमी नाही. त्यांचे आभार मी आजवर मानलेले नाहीत, इथे मानते.

आभार आणखी काही जणांचे. चूक झाली तेव्हा अंदाजाने औषध लिहिण्याऐवजी पुन्हा तपासा म्हणणाऱ्या सर्जनांचे. मला खुर्ची सोडून देणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचे. त्या रांगेतल्या बाईचे.

माझ्यासारख्यांना एवढेच सांगायचे आहे. निदान तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. कोणत्या पेशीचा कॅन्सर, कोणती स्टेज, उपचार किती वेळा, हे विचारा. ते विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. तुमच्यापासून लपवले जात असेल तर ती दया आहे असे समजून घ्या आणि तरीही फाइल मागून घ्या. सुरी लागल्याने कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्यांना विचारा, सुरी न लागलेल्यांचा कुठे थांबला?

मला बरी होऊन आता पाच वर्षे झाली. शेवटच्या मोठ्या तपासणीला वडील हट्टाने बरोबर आले. रुग्णालयातून बाहेर पडलो. पनवेलच्या एसटीत तिघांच्या बाकावर जागा मिळाली. आजारपणाच्या काळात गावात कोणी विचारले की वडील "पोटाचा तरास हाय" म्हणत.

शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरची एक्स-रेची मोठी पाकिटे पाहिली. "काय झालंय मुलीला?"

"कॅन्सर झालेला," वडील म्हणाले. आवाज मिठागरावरचा, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा. "हॉजकिन. टू बी. बारा येला औषध दिला. मेला तो."

गृहस्थ कसनुसे हसले, मग पुढच्या थांब्यावर उतरायचे असल्यासारखे उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

वडिलांनी मोकळ्या जागेवर पाकिटे ठेवली आणि म्हणाले, "बस, पोरी. ऐसपैस बस."