जिन्यावर अडलेलं एकमत

चर्चच्या बैठकीहून मी रिकाम्या हाताने कधीच परतत नाही, एखादा किस्सा तरी पदरात पडतोच. आमच्या मुलुंडच्या चर्चमध्ये हात वर करून मतदान होत नाही. प्रभू सगळ्यांना एकच मन देईल तेव्हाच निर्णय! माझा यावर पूर्ण विश्वास आहे. कमाल प्रभूची, त्याने अजून आमच्यावरचा विश्वास सोडलेला नाही!

* * *

पडद्याचंच घ्या. कुणाला निळा हवा, कुणाला मरून. प्रार्थना झाली, चर्चा झाली, परत प्रार्थना झाली. शेवटी लागला शेवाळी. तो एकालाही आवडला नाही.

"बघा," पाळकसाहेब प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "याला म्हणतात एकमत!"

* * *

मग नव्या माइकवरून वाजलं. पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटू या. प्रार्थनेनंतरही ज्याचा विरोध उरेल, त्याने बोलावं."

प्रार्थना इतकी लांबली की विरोधक बसल्या जागी घोरायला लागले.

"आमेन! कुणाचाच विरोध दिसत नाही."

माइक आला. पुढच्या रविवारी विरोधकांनी त्याच माइकवरून तक्रार केली. आवाज झकास आला!

* * *

पण खरा घोळ जिन्याचा. उपासना पहिल्या मजल्यावर, आणि सुमतीमावशींचे गुडघे गेलेले. त्या खाली खुर्ची टाकून वरची गाणी ऐकायच्या. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस त्यांना खाली नेऊन देत, पण त्या मला म्हणाल्या, "प्रभुभोजन एकटीने कसलं गं? सगळ्यांबरोबर बसायचंय एकदा."

तळमजल्यावरची बालवाडीची खोली रविवारी रिकामीच असते. उपासना तिथे घेऊ या, म्हटलं. बहुतेक सगळे तयार झाले. दानिएलकाका सोडून! मावशी आणि ते लहानपणी एकाच संडे स्कूलमधले. तरी काका म्हणतात, "आपले वाडवडील प्रभूकडे जिना चढूनच गेले!"

* * *

मग यासाठी खास बैठक बोलावली. पहिल्या मजल्यावर!

"सुमती कुठाय?" काकांनी विचारलं. "एकमत म्हटल्यावर तिचंही मत हवं ना?"

मावशी वर येऊ शकत नाहीत, म्हणून बैठक तहकूब.

* * *

मी नवस बोलले. निर्णय होईपर्यंत चहा बंद. आमच्या ह्यांना वाटलं, फक्त माझा!

"अगं, डोकं फुटायची वेळ आली!"

"प्रार्थना करा," मी म्हटलं.

हे चर्चच्या कमिटीवर. तोवर 'बघू, बघू' करत होते. दुसऱ्याच दिवशी ह्यांना तळमजल्यात प्रभूची इच्छा स्पष्ट दिसू लागली.

* * *

प्रभुभोजनाचा रविवार आला. उपासनेआधीच काका उठले. "त्या खोलीत सगळे मावणारच नाहीत, आत्ता बघून येतो," म्हणत खाली गेले. आलेच नाहीत. त्यांना बोलवायला हे गेले, हेही आले नाहीत. ह्यांना बघायला एकेक करत सगळं चर्च उतरलं. वर उरलो पाळकसाहेब आणि मी. त्यांनी भाकरीचं ताट उचललं, मी पेल्यांचा ट्रे.

खाली बालवाडीच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. मधोमध सुमतीमावशी, डोळे पुसत. काका मात्र उभेच.

"काय काका, काय ठरलं मग?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"माझा विरोध कायम आहे!" काका गरजले. मग मावशींच्या बाकाकडे वळून म्हणाले, "सरक गं जरा, सुमती."