अद्रकाची पिशवी

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. खरं तर खोटं बोललो ते तिच्याशीच.

माझा मोठा भाऊ, दादा, कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात अद्रक लावतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं चुलीवरचं भगोनं उघड्या हातानं उतरवलं आणि कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा त्याला हात भाजल्याचं कळलं. मीच त्याला शहरात डॉक्टरांकडं नेलं. कुष्ठरोग निघाला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं — औषध सुरू झालं की याच्यापासून कुणाला धोका नाही, हा बरा होईल, फक्त नसा खराब झाल्यात, बधिरपणा राहील. खुशाल एका ताटात जेवा, म्हणाले.

बजाजनगरला घरी आलो. सुनीतानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "जपून राहा म्हणाले."

का म्हणालो असं? तिला भीती नव्हतीच. मला होती.

दादाचा कप वेगळा झाला. दर खेपेला तो अद्रक आणायचा — माती झटकून, निवडून. तो एसटीत बसला की ती पिशवी घंटागाडीत जायची. टाकायची सुनीता, सांगायचो मी. एकदा आधीच्या खेपेची पिशवी दारामागं तशीच राहिलेली त्यानं पाहिली. मग तो यायचाच थांबला. "सुनीताला माझी किळस येते," असं तो गावात म्हणाला. माझ्या कानावर आलं — आणि मी गप्प बसलो.

आता मला शुगर आहे. मागच्या वर्षी भाजीबाजारात एक बाई हसून म्हणाली, "ओ काका, चप्पल मागंच राहिली की तुमची." पायातून चप्पल गेलेली मला कळलीच नव्हती. माझ्याही नसा गेल्यात, शुगरनं. बधिरपणा तोच — पण माझा कप कुणी वेगळा केला? सुनीता रोज माझे तळवे मांडीवर घेऊन बघते, कुठं जखम तर नाही ना.

परवा ती तळवे बघत असताना सांगून टाकलं. तिनं पाय खाली ठेवला.

"माझ्या हातानं टाकायला लावलंत," एवढंच म्हणाली. मग चपला घातल्या. "चला कन्नडला."

दादा शेडमध्ये अद्रक निवडत होता, वाकड्या झालेल्या बोटांनी. मी सगळं सांगितलं.

"चहात टाकायचं व्हतं की," तो म्हणाला. "उकळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?" मग सुनीताकडं बघून हळूच म्हणाला, "आन् म्या हिला लई बोललो गावात."

"दादा, तिनं काही केलं नाही. मी केलं," मी म्हणालो. "मला माफ कर." सुनीताकडं वळून तेच पुन्हा म्हणालो.

सुनीता दादाशेजारी बसली आणि अद्रकाची माती झटकू लागली.