ढील म्हणालं कोण

चेनसॉचं नाव काढलं की लोक आधी माझ्या हाताकडं बघतात. तुम्हीही मनातल्या मनात बोटं मोजायला लागला असाल. दहा आहेत. पायाचीही दहा. या गोष्टीत कुणाचा हात तुटत नाही, आणि झाड पडताना घरट्यातली पिल्लं बघून मुकादमाच्या डोळ्यांत पाणीही येत नाही. त्याच्या डोळ्यांत फक्त भुसा जायचा. जे झालं ते मशीन बंद असताना झालं. आणि झालं कशामुळं, तर ज्याच्यासाठी गावाकडं शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी मला स्टीलचा पेला मिळायचा त्यामुळं. नकलांमुळं.

पुण्यात मी आलो होतो कॉम्प्युटर शिकायला. निदान घरी तसं सांगितलं होतं. संध्याकाळी हार्डवेअरचा क्लास, येरवड्यात चौघांत एक खोली आणि दिवसा पोटासाठी झाडं. तेव्हा हडपसरजवळच्या मांजरी गावाच्या पुढं ऊस जाऊन बिल्डिंगा यायला लागल्या होत्या. आयटीवाल्यांना फ्लॅट पाहिजेत, फ्लॅटला रस्ता पाहिजे आणि रस्त्यात झाड उभं. परवानगीचा कागद आला की आम्हाला बोलावणं यायचं.

कामावर आम्ही चौघं. मी वर चढून दोर बांधायचो. मशीन चालवायचा तो अमरावतीकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. कान बंद करून चेनसॉ चालवायचा आणि बंद केला तरी ओरडूनच बोलायचा. ड्रायव्हर मंडईच्या मागं वाढलेला. लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली, ती त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली, आणि तिच्याशी तो 'अहो' करून बोलायचा. आमच्याशीही 'आपण' म्हणायचा, पण ते ऐकून बरं वाटायचं नाही. आणि चौथा मुकादम, फुरसुंगीकडचा. छाती एवढीशी, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाणारा.

त्या आवाजावरच सगळं काम चालायचं. झाड पडेल त्याच्या टप्प्याबाहेर जीप उभी करायची, म्हणजे लांब. बहुतेक वेळा मध्ये बांध नाहीतर झाडी. ड्रायव्हरला झाड दिसायचं नाही, माणसं दिसायची नाहीत, दिसायचा फक्त जीपच्या मागच्या हुकाला बांधलेला दोर. मोबाईल आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. म्हणून नियम एकच. जीप हलणार ती मुकादमाच्या आवाजावर, दुसऱ्या कुणाच्याही नाही. हाका तीनच. 'ताण' म्हटलं की जीप पुढं. 'धर' म्हटलं की आहे तिथं उभी. 'ढील' म्हटलं की हळूच मागं, म्हणजे दोर सैल पडणार. बाकी कुणी खाली आग लागली म्हणून ओरडलं असतं तरी ड्रायव्हर विडी ओढत बसला असता.

आता असा नियम माझ्यासारख्याला सांगितल्यावर काय होणार?

पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत केलं. दोर रिकामाच होता, दुसरं टोक नुसतं जमिनीवर. मी बांधामागून मुकादमाच्या आवाजात ओरडलो, "ढीऽऽल!" मुकादमाचा आवाज शेवटाला जरा फाटायचा, तो मी थोडा जास्तच फाडला. पलीकडं इंजिन सुरू झालं, जीप आज्ञाधारकपणे चार हात मागं आली. मी चहाचा ग्लास घेऊन समोर गेलो आणि सलाम ठोकला. दुसऱ्यांदा दोन दिवसांनी. मुद्दाम 'ढील'च म्हणायचो. 'ताण' म्हणून गंमत करू नये एवढी अक्कल होती.

तिसऱ्यांदा जीप हललीच नाही. ड्रायव्हर खाली उतरला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "राजे, कला थोर आहे आपली. आता एक लक्षात ठेवा. यापुढे 'ढील' ऐकू आलं, की मी समजणार आपलंच गायन चाललंय. उगाच इंजिनाला त्रास देणार नाही."

मला ते आणखी एक पेला मिळाल्यासारखं वाटलं. रात्री खोलीवरच्या पोरांना करून दाखवलं. मुकादमाला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नकला बंद झाल्या असत्या.

त्यानंतर आठवडाभरात ओढ्याकाठच्या निलगिरीचं काम आलं. उंच झाड, ओढ्याकडं कललेलं. मशीनवाल्यानं खाच पाडली, मागून काप घेतला, झाड सुटलं आणि पडता पडता शेजारच्या कडुलिंबाच्या बेचक्यात अडकलं. शेंडा वर लटकलेला आणि बुंधा खुंटावरून घसरून जमिनीला टेकलेला. आमच्या धंद्यात याला सगळे घाबरतात. उभं झाड निदान कुठं पडणार ते सांगून पडतं.

मुकादमानं बुंध्याला दोर घालायला लावला. जीप बांधाच्या पलीकडं, उतारावर. बुंधा ओढायचा, म्हणजे शेंडा आपोआप सुटतो.

"ताऽऽण!"

दोर उचलला, ताठ झाला, त्यातून पाणी निघाल्यासारखा बारीक भुसा उडाला. बुंधा हातभर सरकला आणि एका धोंड्याला अडला.

"धऽऽर!"

मशीनवाल्यानं मशीन बंद करून बाजूला ठेवलं आणि पहार घेऊन धोंडा उकरायला गेला. दोर ताणलेला असताना बुंध्याच्या आतल्या बाजूला, खुंटाकडं, जायचं नसतं. मुकादम म्हणाला, "आरं, बाहीरनं उकर." तो म्हणाला, "दोन मिनिटाचं काम आहे ना जी!" आणि धोंडा निघाला. धोंडा निघाला तसा बुंधा अर्धा वळला आणि मशीनवाल्याचा डावा पाय बुंधा आणि खुंटाच्या मध्ये गेला.

तो ओरडला नाही. आधी नुसता "अबे" म्हणाला. मग, "पाय... माहा पाय काढा बे."

मुकादमानं पडलेली पहार उचलून बुंध्याखाली घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. बुंधा अजून वळायला बघत होता, कारण जीप त्याला ओढूनच धरून होती. एक वीतभर ढील मिळाली असती तर पाय निघाला असता. जीप तेवढीच पुढं गेली असती तर पाय राहिला नसता.

"ढीऽऽल!"

दोर तसाच ताठ.

"ढील दे रंऽऽ! ढीऽऽल!"

बांधामागं इंजिन एका लयीत धडधडत होतं. पुढं नाही, मागं नाही. 'धर' सांगितलंय ना, मग धरून होतं.

मुकादमाचे पाय चिखलात घसरायला लागले. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला, आणि तो थेट मी फाडायचो तसाच फाटला. बांधामागं बसून ड्रायव्हर आत्ता काय म्हणत असेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

मुकादम मान वळवून म्हणाला, "आयकू यीना का त्याला? का मेला?"

मी पळालो.

दोराच्या कडेनं सरळ गेलो असतो तर पन्नासेक पावलं होती. पण ताठ दोराच्या जवळून जायचं नसतं, तुटला तर माणसाला मधोमध चिरतो. म्हणून बाभळीच्या बाजूनं वळसा घातला. पायात काटा गेला तो संध्याकाळी कळला. बांधावर चढताना दोनदा घसरलो आणि मागून मशीनवाल्याचं "अबे लवकर" ऐकू येत होतं. आता तो ओरडत होता.

ड्रायव्हर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. मला बघून हसला.

"आलात? आज रंगली हो मैफल. तिसरी हाक तर हुबेहूब."

"पाय," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"त्याचा. अडकलाय. ढील द्या. मुकादम खरंच... मी नव्हतो. मी नव्हतो हो ते."

एवढं म्हणतानाही आवाज माझा वाटेना. महिनाभर त्याच्याशी मी एकदाही स्वतःच्या आवाजात बोललो नव्हतो. कधी मुकादम, कधी मशीनवाला, कधी तो स्वतःच. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग त्याचं हसू उतरलं.

"बांधावर उभे राहा," तो म्हणाला. "तोंड बंद. हात दाखवा फक्त."

जमीन काळी आणि ओली होती. मागं येताना चाकं फिरली असती तर जीप उतारावर पुढंच घसरली असती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं खालचा गिअर टाकला. जीपला म्हणाला, "या बाई, हळू या." जीप बोटभर मागं आली आणि थांबली. मी बांधावरून दोन्ही हात आपल्याकडं ओढत होतो. अजून बोटभर. एक चाक फिरलं, चिखल उडाला. माझे हात हवेत तसेच राहिले. ड्रायव्हरनं पाय काढला नाही, वाढवलाही नाही. चाकानं पकड घेतली. दोर मधोमध एकदम झुकला आणि पलीकडं मुकादम पहारीसकट कोसळला. मशीनवाल्यानं स्वतःच्या दोन्ही हातांनी मांडी धरून पाय ओढून काढला.

"बास!" मुकादम ओरडला. मी हात उभा केला. जीप थांबली.

त्याला जीपमध्ये मागं आडवं टाकून हडपसरला नेलं. रस्त्यात त्यानं एकदाच विचारलं, "बोटं हालून राहिली ना?" मी म्हटलं, हालतायत. खरं तर मी बघितलं नव्हतं.

नडगीला चीर होती. प्लास्टर लागणार, पण पाय राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुकादम बाकावर बसला, दोन्ही तळहातांना फोड आलेले, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तुझं कान फुटल्यात का रं? तीन हाका मारल्या मी."

ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरचा बाळांच्या लशींचा तक्ता वाचत बसला.

मग मीच सांगितलं. चहा, सलाम, तिन्ही वेळा, आणि तिसऱ्या वेळी ड्रायव्हर काय म्हणाला ते.

मुकादमानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग सुरू झाला.

"गाढवा, म्या तितं पहारीला लोंबकळतोय, आन् माजं कुनी आयकंना! मला वाटलं मी म्यालोबिलो का काय! तीस वर्सं वरडून ह्यो आवाज आसा झालाय, त्यो तू दोन ग्लास च्यात घालवलास? आन् समजलं व्हतं तुला! ह्यो गडी 'ढील' आयकनार न्हाय हे तुला आठ दिस म्हायती व्हतं, तरी मला सांगितलं न्हाईस. दोर बांधतोस रोज, दोराच्या त्या टोकाला कोन हाय ते बघितलंस का कदी? आता उद्या मी ढील म्हनलो तर ह्यो काय करनार? उतरून मलाच इचारनार, तूच हायेस का म्हनून! काय दावू त्याला, रेशनकार्ड?"

ड्रायव्हरच्या खांद्याला हिसका बसल्यासारखं झालं.

"तू हसू नगंस, तुजंबी काडतो थांब! हाक आली तर उतरून बगायला काय मेंदी लावलीया पायाला? आन् तू रं. त्या मशीनवाल्याच्या बायकूला गावाकडं फोन तू करायचा. तुज्याच आवाजात. आन् काय झालं ते समदं सांगायचं, मला सांगितलं तसं. मान खाली कशाला घालतोस? वर बग! आन् रडायचं आसंल तर भाईर जाऊन रड, हितं पेशंट हायेत."