पार्बताबाईचं कुंपण आणि माझं पोतं

माझी पाळी माझ्यापेक्षा शेजारच्या पार्बताबाईला जास्त पाठ होती.

आमच्याकडे बाई बाहेरची झाली की परसातल्या पडवीत पोतं टाकून तिला चार दिवस वेगळं बसवायचे. आज पोत्यावर कोण, हे पार्बताबाई कुंपणावरून रोज पाहायची. आणि माझं सगळंच बेभरवशाचं! नुकतीच वयात आलेली मी. एकदा यायची, मग दोन-दोन महिने पत्ता नाही. आली तरी कुंकवाएवढा डाग!

दिवाळी झाली. गावची मंडई तोंडावर आली. (मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच. झुले, जिलेबी, दंडारीचा नाच, घरोघरी पाहुणे.) मला नवं लुगडं आणलेलं, जीव सगळा त्यात. तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला,

"काऊन व, तुही पोरगी नाई बसली? पोळ्यापासून पाहून राहिली मी."

माय पांढरीफटक पडली. मंडईत ही बाई काय-काय पसरवेल!

आधी मायनं मला तीळगूळ चारला. मग पपई. अख्खी! यायचं ते आलंच नाही, मी मात्र लोटा घेऊन धानाच्या बांधीकडे पळत सुटले.

"आता पोटही बिघडलं का व?" कुंपण बोललं.

मायनं पोतं झटकलं. "बस याच्यावर."

"कायले? मले काई झालं नाई."

"झालं असं बस! तिले दिसलं पाह्यजे."

बसले. धानाची कापणी सुरू आणि मी पाय पसरून आरामात! (माझ्या वाटची भांडी घासताना धाकटीनं दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही.) चार दिवस झाले, न्हाले, उठले. दुसऱ्या दिवशी मंडई.

सकाळी नवं लुगडं हातात घेतलं आणि खरीखुरी आली!

मायनं पोतं पुन्हा ओढलं. "आता तिले काय सांगू? कालच त उठली ही!"

केशोरीहून मंडईला आलेली आत्या चुलीपाशी खो-खो हसत सुटली. "वहिनी, नवा तलाव पयल्याच वर्षी काठोकाठ भरते का व? मही बी अशीच होती दोन-तीन साल. कधी यायची, कधी नाई, आली त थेंबभर. मले सहा लेकरं झालीच ना? पपया कायले चारून राहिली पोरीले?"

"मंग मी मंडईले जाऊ?" मी विचारलं.

"पोत्यावर बस गुपचूप!" दोघी एकदम ओरडल्या.

मग आत्या कुंपणाशी गेली. केशोरीचा आवाज तो, अर्ध्या गावाला ऐकू जाणारा! "पार्बताबाई, आमच्या पोरीचं नवं हाय, मागंपुढं होते, कमीच येते! समजलं?"

पार्बताबाईला समजलं. तिच्याकडच्या पाहुण्यांना समजलं. आमगावहून आलेल्या तिच्या बहिणीला, नणंदांना, रस्त्यानं दंडार पाहायला निघालेल्या बायांनाही समजलं! सगळ्या कुंपणाला येऊन चिकटल्या.

"हेच का ते पोट्टी?"

"महं बी असंच होतं व माय!"

"मही त चार महिने नाई आली!"

पार्बताबाई मान खाली घालून म्हणाली, "मही बी." एकीनं दुरूनच माझ्या पदरात जिलेबी फेकली.

दंडारीला त्या वर्षी गर्दी कमी होती म्हणतात. मला काय माहीत? मी मंडई पाहिलीच नाही. मंडईच मला पाहून गेली!